वॉटर पंप गेलाय की हेड गॅस्केट? घाटात गाडी गरम झाली आणि तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्यात

कराडकर_७८

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडे २०१३ ची डिझेल हॅचबॅक आहे, मी दुसरा मालक, गाडी १,१२,००० किमी चाललीय आणि त्यातले शेवटचे ४५,००० माझ्या हातचे. आत्तापर्यंत काहीच त्रास नव्हता. दोन महिन्यांपासून रिझर्व्ह टाकीतलं कुलंट कमी होतंय, मॅक्सच्या रेषेपर्यंत भरलं की तीन-चार आठवड्यांत मिनच्या खाली. पार्किंगमध्ये फरशीवर एक थेंब दिसत नाही, म्हणून मीही मनावर घेतलं नाही, प्रत्येक वेळी घरचं पाणी घालत राहिलो.

गेल्या रविवारी चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात अर्ध्यावर लाल दिवा लागला. आम्ही पाच जण, डिकी भरलेली, एसी चालू, दुपारचे दोन आणि मे महिन्याचं ऊन. आमच्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाहीये, फक्त निळा दिवा नि लाल दिवा, त्यामुळे आधी कळायला काही मार्ग नव्हता. लगेच कडेला घेतली, बंद केली, आईला उतरवून झाडाखाली बसवलं आणि पाऊण तास थांबलो. टाकी बघितली तर तळाला. प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या, एसी बंद ठेवून सावकाश वर आलो, हेळवाकच्या पुढे परत दिवा लागला नाही.

आता गंमत नाही, खरंच गोंधळलोय. एक मेकॅनिक म्हणाला वॉटर पंप गेलाय. दुसरा म्हणाला हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, इंजिन उघडावं लागेल. सर्व्हिस सेंटरने ₹१९,५०० चं एस्टिमेट दिलं त्यात पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, सगळे होज, बेल्ट असं सगळंच लिहिलंय. गाडी न उघडता मला घरी काय बघता येईल? सकाळी पहिल्यांदा चालू केली की मिनिटभर कुईईई असा आवाज येतो तो पंपाचा का बेल्टचा? आणि पंप किती किमीला बदलायचा असतो? पुढच्या महिन्यात बहिणीकडे नाशिकला जायचंय, आई बरोबर असणार, म्हणून काळजी जास्त आहे.

तेलकट_हात (ठाणे)

दादा सगळ्यात आधी, लाल दिवा लागल्या लागल्या तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. अजून दोन किमी ओढली असती तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं आणि मग खरोखर हेड गॅस्केटचंच काम निघालं असतं.

आता पंप, म्हणजे इंजिनात कुलंट फिरवणारा. मी माझ्या दोन गाड्यांचे पंप स्वतः बदललेत त्यावरून सांगतो. आत एक शाफ्ट असतो, बाहेरच्या टोकाला पुली, आतल्या टोकाला पात्यांची चकती म्हणजे इंपेलर, मधे बेअरिंग, आणि पाणी बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून एक सील. बिघडायचं झालं तर बहुतेक वेळा आधी सील जातं. सीलमधून आलेलं पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, वीप होल म्हणतात त्याला. सील गळायला लागलं की तिथून पाणी बाहेर येतं. म्हणजे ते भोक ही पंपाची चिठ्ठी आहे तुमच्यासाठी, पंप बंद पडायच्या कितीतरी आधी ती येते.

फरशीवर थेंब नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. थोडं थोडं गळत असेल तर ते गरम इंजिनवरच वाळून जातं, किंवा खालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर साचतं. पाणी उडून जातं पण कुलंटमधलं रसायन मागे राहतं, त्याचा पांढरट, हिरवा किंवा गुलाबी कणीदार थर दिसतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा, चांगला टॉर्च घ्या, पंपाच्या पुलीच्या मागे आणि खाली बघा. थेट दिसत नसेल तर मोबाईल आत घालून फ्लॅश लावून फोटो काढा, मी तसंच करतो, डोळ्यांना दिसत नाही ते फोटोत दिसतं. मग पुली दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून बघा, चाव्या अर्थातच काढून ठेवून. पुली हलता कामा नये, टकटक जाणवली म्हणजे बेअरिंग संपत आलंय.

आवाजाचं म्हणाल तर सकाळी मिनिटभर कुई करून थांबतो तो बहुतेक बेल्टचा. बेअरिंगचा आवाज वेगळा, जात्यासारखी घरघर, आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढत जातो. पण बेल्ट का ओरडतोय तेही बघा, पंपातून कुलंट उडून बेल्टवर पडत असेल तरी बेल्ट घसरतो आणि असाच ओरडतो.

सोलापुरी_चादर

कराडकर तुम्ही "घरचं पाणी" म्हणालात ते बोअरचं आहे का? असेल तर माझं ऐकाच. मी तीन वर्षं हेच केलं, आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला वर्षभरात पांढरा थर चढतो, आणि तेच पाणी मी गाडीत घालत होतो कारण आमच्या ओळखीतले सगळेच घालतात. शेवटी पंप उघडला तेव्हा इंपेलरची पाती कडेने खाल्लेली, उंदराने कुरतडल्यासारखी, आणि रेडिएटरच्या नळ्या निम्म्या बंद. पंप बाहेरून एकदम कोरडा होता, एक थेंब गळत नव्हता. गळत नाही तरी पाणीच ढकलत नव्हता, कारण ढकलायला पाती तर हवीत.

कुलंट म्हणजे फक्त रंगीत पाणी नाही हे मला तेव्हा कळलं. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही सांभाळतात. साधं पाणी घालत गेलं की ती पातळ होत जातात. शिवाय साधं पाणी लवकर उकळतं. पात्यांच्या मागच्या बाजूला दाब कमी होतो तिथे पाण्याचे बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, प्रत्येक फुटणाऱ्या बुडबुड्याचा धातूवर घाव बसतो, अशी पाती खड्डे पडून झिजतात. जुनं कुलंट आणि ढिलं रेडिएटर कॅप असलं की हे जास्त होतं, कारण कॅपमुळेच आत दाब टिकतो. साधारण १ बार दाब असला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला. कॅप अगदी स्वस्त असतं, तेवढं तरी बघा.

आता मी तयार मिसळलेलं कुलंटच घेतो. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं त्यात निम्मं-निम्मं करतो. नुसतं कॉन्सन्ट्रेट कधी भरू नका, जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं पण पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही.

हायवे_स्टार

एवढं कशाला, थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्याकडे सगळे काढतात, गाडी कायम थंड राहते, ₹२०० चं काम.

गॅरेजवाला_सांगली

हायवे_स्टार, मित्रा हे कृपा करून कुणाला सांगू नकोस. २६ वर्षं गॅरेज चालवतोय, थर्मोस्टॅट काढलेल्या गाड्या महिन्याला येतात माझ्याकडे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. इंजिन गरम व्हायलाच हवं, ठराविक तापमानाला. थंड इंजिन डिझेल जास्त पितं, तेलात डिझेल उतरतं, सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत बायपासने फिरतं आणि गाडी उलट जास्त गरम होते. दुखणं पंपात आणि औषध थर्मोस्टॅटला असं होतं ते.

कराडकर साहेब, तुम्हाला तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या कारण तिघांनीही तपासलं नाही, अंदाज सांगितला. माझ्याकडे गाडी आली तर मी असं करतो. पहिलं म्हणजे थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट. रेडिएटर कॅपच्या जागी हातपंप लावायचा, कॅपवर जेवढा आकडा छापलाय तेवढाच दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं बघत बसायचं. काटा खाली आला तर कुठून तरी जातंय, मग टॉर्च घेऊन शोधायचं. पंप गळत असेल तर याच वेळेला वीप होलमधून थेंब येताना दिसतो. या टेस्टला वीस मिनिटं लागतात आणि हजारो रुपये वाचतात, म्हणून ज्याच्याकडे हा पंप नाही त्याच्या सांगण्यावरून इंजिन उघडू देऊ नका.

हेड गॅस्केटची शंका असेल तर ती वेगळी तपासायची. थंड असताना कॅप उघडून गाडी चालू करायची, टाकीत सारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. चालू केल्यावर एका मिनिटात, पाणी अजून गार असतानाच, वरचा होज दगडासारखा कडक झाला तरी तेच. डिपस्टिक आणि तेलाचं झाकण बघायचं, तेल दुधाच्या चहासारखं झालंय का. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय का, गाडी तापल्यावरसुद्धा. एक निळं केमिकल पण मिळतं, टाकीच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, एक्झॉस्टचा गॅस असेल तर निळा रंग बदलतो. यातलं काहीच नसेल तर हेड गॅस्केट डोक्यातून काढून टाका.

आणि कधी गरम होते ते फार महत्त्वाचं आहे. ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते आणि हायवेला लागली की थंड होते, तर पंखा बघा, त्याची मोटर, रिले, फ्यूज. घाटात लोडवर गरम होते आणि सपाटीला ठीक, तर पाणी कमी आहे किंवा पाणी पुरेसं फिरत नाही, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट किंवा चोक झालेला रेडिएटर. वरचा होज भाजेल इतका गरम आणि खालचा गार असेल तर पाणी फिरतच नाहीये हे नक्की, मग त्या तिघांतला कोण ते शोधायचं. तुमच्या बाबतीत टाकी तळाला गेली होती म्हणता, म्हणजे आधी गळतीच शोधा.

किती किमीला बदलायचा याला एक आकडा नाही. तुमचं इंजिन टायमिंग चेनचं आहे का बेल्टचं (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवते ती) ते आधी सांगा, त्यावर उत्तर बदलतं.

कराडकर_७८

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काका, मॅन्युअल बघितलं, टायमिंग चेनचं इंजिन आहे, पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो. पाणी हो, बोअरचंच, चूक झाली माझी.

आज सकाळी टॉर्च आणि मोबाईल घेऊन बसलो. फोटोत पंपाच्या खाली गुलाबी-पांढरा थर स्पष्ट दिसतोय, इंजिनच्या अंगावर ओघळ गेल्यासारखा, आणि खालच्या कव्हरवर वाळलेला डाग आहे. बेल्टच्या आतल्या बाजूला पण गुलाबी ठिपके आहेत. पुली धरून हलवली तर अगदी किंचित हलते, पण हलते. तेल स्वच्छ आहे, झाकणाला काही नाही, टाकीत बुडबुडे नाहीत.

मग आता लगेच गाडी थांबवायची का? ऑफिस १२ किमी आहे, रोज टाकी भरून चालवली तर महिना काढता येईल का? पगार झाल्यावर काम केलं असतं.

गॅरेजवाला_सांगली

मग झालं निदान, पंपच आहे. पुली हलत नसती आणि नुसतं वीप होल ओलं असतं तर मी म्हणालो असतो रोज पाणी बघून आठ-पंधरा दिवस काढा. पुली हलतेय म्हणजे पाणी बेअरिंगपर्यंत पोचलंय आणि ग्रीस धुऊन गेलंय. तिथून पुढे तो दोन महिने चालेल का उद्या जाम होईल हे कोणी सांगू शकत नाही. जाम झाला की बेल्ट जळतो, तुटतो, आणि त्याच बेल्टवर अल्टरनेटर आहे म्हणजे बॅटरीचा दिवा पण लागेल. पूर्वी अँबॅसिडर आणि पद्मिनीत तर पंख्याची पाती पंपाच्याच पुलीवर बोल्ट केलेली असायची, बेअरिंग सैल झालं की पंखा हेलकावे खात रेडिएटरलाच जाऊन घासायचा, तेवढं आता होत नाही. तरी महिना थांबू नका. स्कूटर असेल तर हा आठवडा स्कूटरवर काढा.

तुमचं नशीब की चेनचं इंजिन आहे, काम बाहेरच्या बाहेर होतं. ज्यांचा पंप टायमिंग बेल्टवर चालतो त्यांनी हे नीट वाचा: तो पंप जाम झाला तर टायमिंग बेल्ट तुटतो किंवा दात उडतात, बऱ्याच इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन धडकतात आणि इंजिनच उघडावं लागतं. म्हणून टायमिंग बेल्ट बदलताना पंप चांगला दिसत असला तरी बदलायचाच, कारण मजुरी सगळी तिथपर्यंत पोचायची असते. पंपाचे पैसे वाचवले आणि २०,००० किमीनंतर तो गळाला तर तेच सगळं परत खोलायचं, परत मजुरी, आणि कुलंट लागलेला नवीन बेल्ट पण टाकायचा. चेनच्या गाडीला मात्र नुसते किमी बघून पंप बदलायची गरज नाही, लाखानंतर दर सर्व्हिसला पुली हलवून आणि वीप होल बघून घ्या, तेवढं पुरतं.

एस्टिमेटमधला रेडिएटर मी लगेच टाकणार नाही. आधी फ्लश करून बघा. थर्मोस्टॅट काढून घरी पातेल्यात टाकून तापवा, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर बुडवा, थर्मोस्टॅटवरच तापमान कोरलेलं असतं, ८२ किंवा ८८ असं काहीतरी, त्याच्या आसपास उघडायला लागला आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला तर चांगला आहे.

मिनेसोटात_मराठी

इथे हिवाळ्यात पंप गेला तर पहिली खूण वेगळीच असते म्हणून लिहिते. बाहेर उणे वीस, गाडी गरम होण्याचा प्रश्नच नाही, पण सिग्नलला उभी असताना हीटरमधून गार हवा यायची आणि रेस दिली की परत गरम. कुलंट कमी झालं होतं आणि पंप हळू फिरताना हीटरपर्यंत पाणी पोचत नव्हतं. तिकडे हीटर कुणी लावत नाही पण तपासायला लावून बघता येईल, इंजिन तापलंय आणि हीटर गार असेल तर पाणी कमी आहे किंवा फिरत नाहीये.

अदिती_नगर

मी मेकॅनिक नाही पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. माझ्या बाबांनी गरम गाडीचं रेडिएटर कॅप फडका धरून उघडलं होतं, उकळतं पाणी उसळून हातावर आणि मानेवर आलं, दीड महिना ड्रेसिंग चाललं. फडक्याने काही होत नाही. वरचा होज हाताने दाबून बघा, मऊ लागला आणि हात धरवला तरच कॅपला हात लावा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू पण नका, तडा जातो.

दुसरं, पंप काढताना जे कुलंट खाली पडतं ते तसंच सोडू नका. कुलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्याने किडन्या जातात. आमच्या गल्लीतलं एक पिल्लू असंच गेलं, कुणाला कळलंच नाही काय झालं ते, दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं जवळपास गाडीचं काम चालू होतं का. चाटलं असं वाटलं तर वाट बघू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. घमेलं लावून गोळा करा आणि पडलेलं भरपूर पाण्याने धुवा. लहान मुलं असतील तर उरलेली बाटली पण वर ठेवा, दिसायला सरबतासारखीच असते.

तेलकट_हात (ठाणे)

अदितीताई फार महत्त्वाचं लिहिलंत, हे कुणी सांगत नाही.

कराडकर, काम करून घेताना तिथे उभे राहा, चार गोष्टी बघायच्या असतात. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर चरे पडू देऊ नका, चरा पडला की तिथूनच गळणार. ओ-रिंगवाला पंप असेल तर वरून सिलिकॉनची गरज नसते, आपल्याकडे सवयीने थापतात, आणि जास्तीचा सिलिकॉन आत सुटून थर्मोस्टॅटमध्ये किंवा हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे आणि टॉर्क रेंचनेच, ते ६ मिमीचे बारीक बोल्ट असतात, बहुतेक १० न्यूटन-मीटरच्या आसपास पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा, जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात. बेल्ट प्रमाणापेक्षा घट्ट बसवला तर नवीन पंपाचं बेअरिंग पण वर्षभरात जाईल.

सगळ्यात जास्त घाई होते ती हवा काढताना. नवीन पंप कोरडा फिरवायचा नाही, सील पाण्यावरच चालतं, कोरडं फिरलं की पहिल्या मिनिटाला जळतं. कुलंट सावकाश भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवायचा, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, मग पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवायचं, थंड झाल्यावर परत टाकी बघायची. हवा राहिली तर नवीन पंप लावूनही गाडी गरम होते आणि मग बिचाऱ्या पंपाला दोष.

आणि ती गळती बंद करणारी पावडर किंवा लिक्विड कुणी टाकू म्हणालं तर नाही म्हणा. पंपाच्या सीलचं गळणं त्याने टिकाऊ थांबत नाही आणि रेडिएटरच्या नळ्या बुजतात.

पुणे_३०

माझी एक भर. ज्यांच्या गाडीत काटा नाही त्यांनी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाईलवर कुलंटचं तापमान अंशांत दिसतं. लाल दिवा लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, आकडा चढताना दिसला की एसी बंद करून वेळेत थांबता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, पाणी पूर्ण गेलं तर सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि आकडा चुकीचा कमी दाखवू शकतो. घाटात तापमान चढता चढता अचानक खाली आलं तर खूश होऊ नका, थांबून टाकी बघा.

कुलंटच्या रंगावर पण जाऊ नका. गुलाबीत गुलाबी चालतं असं नसतं, रंग कंपनी ठरवते, आतलं रसायन वेगळं असू शकतं आणि काही मिश्रणांत चोथा होतो. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन आहे ते बाटलीवर आहे का ते वाचून घ्या.

कराडकर_७८

मंडळी, काम झालं, सगळं सविस्तर लिहितो म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

शेवटी ओळखीच्या एका छोट्या गॅरेजमध्ये केलं. प्रेशर टेस्टचा पंप त्यांच्याकडे होता, लावला आणि खरंच सात-आठ मिनिटांत वीप होलमधून थेंब लोंबकळताना माझ्या डोळ्यांनी बघितला. पंप काढल्यावर शाफ्ट हाताने हलत होता आणि फिरवला तर खरखर लागत होती. इंपेलर सोलापूरच्या मित्राने लिहिलंय तितका खाल्लेला नव्हता पण कडा झिजल्यात आणि आत तपकिरी गाळ होता, माझ्या बोअरच्या पाण्याचा. तो बघून फार वाईट वाटलं. डिस्टिल्ड पाण्याने चार वेळा फ्लश केलं, चौथ्या वेळी स्वच्छ आलं. रेडिएटर ठेवला. थर्मोस्टॅट रात्री घरी आणून पातेल्यात तापवला, आईला वाटलं काय शिजवतोय, त्यावर ८८ लिहिलंय आणि तेवढ्यालाच उघडायला लागला, म्हणून तोच परत बसवला.

खर्च असा झाला, पंप ₹२,१५०, बेल्ट ₹७८०, कुलंट ₹९५०, कॅप ₹२५०, मजुरी ₹१,६००. बेल्ट नवीन घेतला कारण जुना कुलंटने भिजून चकाकी आल्यासारखा झाला होता, आणि सकाळचा तो कुईईई आवाज आता पूर्ण गेलाय, म्हणजे तो बेल्ट पंपामुळेच ओरडत होता. खाली घमेलं लावलं होतं, अदितीताई, आणि फरशी मी स्वतः धुतली.

पहिल्या दिवशी नवीन पंपाच्या वीप होलला परत दोन थेंब दिसले तेव्हा पोटात गोळा आला होता. मेकॅनिक म्हणाला नवीन सील बसेपर्यंत किंचित येतं, दोन दिवस बघा आणि मगच ओरडा. दुसऱ्या दिवसापासून कोरडं आहे, तरी मी रोज सकाळी टॉर्च मारतोच.

ओबीडी स्कॅनर पण घेतला. काल मुद्दाम दुपारी चिपळूणला उतरून तोच घाट परत चढलो, आई शेजारी, एसी चालू. सपाटीला ८९-९० होता, चढाला ९६ पर्यंत गेला, पंखा लागला की ९२ ला यायचा, त्याच्या वर काही गेला नाही. ते झाड आलं तेव्हा आईच म्हणाली जरा थांबू, म्हणून थांबलो, डबा खाल्ला आणि निघालो. आज सकाळी गाडी गार असताना टाकी बघितली, पाणी रेषेवरच आहे.

काका, एक शेवटचं विचारतो, फ्लश केलंय तरी आत थोडा गाळ राहिला असेल तर हे कुलंट सहा महिन्यांत एकदा लवकर बदलून टाकू का?

गॅरेजवाला_सांगली

हो, एकदा लवकर बदला, पावसाळा संपला की. काढलेलं कुलंट स्वच्छ काचेच्या बरणीत घेऊन रात्रभर ठेवा, तळाला गाळ बसला तर परत एक फ्लश, नाही बसला तर मग मॅन्युअलमध्ये जेवढी वर्षं लिहिलीत तेवढी निश्चिंत चालवा. ती बरणी मात्र झाकण लावून वर ठेवा. नाशिकला जाऊन या.